मत राखून ठेवणं म्हणजे तळ्यात-मळ्यात?

दुर्बीण: परवा इथे एकाने लिहिलं, "पिऱ्होवाले म्हणजे तळ्यात-मळ्यात खेळणारे. ठाम मत द्यायची हिंमत नाही, म्हणून तत्त्वज्ञानाचा मुलामा." डोकंच फिरलं. पिऱ्हो हा प्राचीन ग्रीक संशयवादी, आणि सेक्स्टस एम्पिरिकस त्याच्याच पंथाचा नंतरचा लेखक, पेशाने वैद्य. त्याचं म्हणणं इतकंच की दोन्हीकडची कारणं सारख्या वजनाची निघाली की मत थांबतं. हीच 'एपोखे'. थांबतं ते मत, शोध नाही! ग्रीकमध्ये 'स्केप्टिकोस' म्हणजेच शोधणारा. त्यानेच सांगितलेली गोष्ट: चित्रकार अपेलीसला घोड्याच्या तोंडचा फेस काही केल्या जमेना. शेवटी वैतागून त्याने ब्रश पुसायचा स्पंज चित्रावर भिरकावला, तर हुबेहूब फेस उमटला. मनःशांतीही अशीच न मागता मिळते म्हणे.

रोखठोक: तो 'एकाने' मीच. स्पंज छान आहे. पण पिऱ्हो गाड्या, कुत्री, कडे कशालाच चुकवायचा नाही, मित्रांना सांभाळावं लागायचं, हे तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लाएर्शियसनेच नोंदवलंय. माझ्या वडिलांचं पोट दुखत होतं. डॉक्टर तीन दिवस "बघू, इतक्यात काही सांगता येत नाही." अपेंडिक्स फुटलं. ही पण एपोखेच का?

दुर्बीण: अर्धंच वाचायचं का? तिथेच पुढे एनेसिडेमस या नंतरच्या पिऱ्होवाल्याचं मत आहे की रोजच्या वागण्यात पिऱ्हो बेसावध नव्हता. नव्वदीपर्यंत जगला तो! भूक लागली की जेवा, रीतिरिवाज पाळा, शिकलेली कला वापरा, याला सेक्स्टसची ना नाही. तुमच्या डॉक्टरने साधी सोनोग्राफी केली नाही. त्याने शोधच थांबवला होता.

पिंपळपान: एवढं ग्रीक कशाला? पिऱ्हो सिकंदराबरोबर भारतात आला होता. बुद्धाच्या काळातल्या आपल्या संजय बेलट्ठिपुत्ताला परलोक आहे का विचारा: असंही म्हणत नाही, तसंही म्हणत नाही. माल इथलाच.

रोखठोक: आले 'सगळं आपलंच'वाले! नागव्या साधूंना भेटला, बरं. बोलले कुठल्या भाषेत?

पिंपळपान: त्या भेटीतूनच त्याचं तत्त्वज्ञान आलं असं तुमचा डायोजेनिसच सुचवतो. आता तो नको झाला?

दुर्बीण: पण दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात संजयची टिंगलच आहे हो. असल्या उत्तरांना तिथे 'अमराविक्खेप' म्हटलंय, हातातून निसटणाऱ्या माशासारखी वळवळ. त्याचेच शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान त्याला सोडून बुद्धाकडे गेले, ते उगाच नाही.

जुनी_वही: मग जैनांचा स्याद्वादही यातलाच ना?

पिंपळपान: नाही, नाही, नाही! 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'एका अपेक्षेने' अमुक आहे, असं ते ठाम विधान असतं. कॉलेजात सरांनी 'मे बी' असं शिकवलं, मी पेपरात बरोबर लिहिलं आणि माझेच चार मार्क कापले. वीस वर्षं झाली.

जुनी_वही: चार मार्कांसाठी वीस वर्षं? मनःशांती दिसतेय.

पिंपळपान: तुमचे कापले असते म्हणजे कळलं असतं.

रोखठोक: मार्कांचा वेगळा धागा काढा बुवा. दुर्बीण, 'हिंमत नाही' हे शब्द मागे घेतो, खूश? पण कोर्टसुद्धा निकाल राखून ठेवतं आणि मग देतं. तुमचा सेक्स्टस कधी देणार?

दुर्बीण: कारणांचं पारडं एकीकडे झुकलं की. वडील कसे आहेत आता?

रोखठोक: बरे आहेत, फिरायला जातात. त्या डॉक्टरबद्दलचं मत मात्र मी राखून ठेवणार नाही.