मनोरुग्णांच्या वॉर्डातील परिचारिका कशा वागतात, हे दाखल करण्यापूर्वी कसे ओळखावे?

अबोली (प्रश्न)
माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. मागच्या वेळी आजार बळावला तेव्हा त्याला एका रुग्णालयात ठेवावे लागले. औषधांनी तो सावरला, पण घरी आल्यावर कित्येक दिवस मनगटे चोळत बसत असे. जेवायला नकार दिला म्हणून त्याला रात्रभर खाटेला बांधून ठेवले होते, आणि मी भेटायला गेले की तेथील परिचारिका त्याच्यासमोरच त्याच्याविषयी अशा बोलत, जणू तो तेथे नाहीच. आता पुन्हा त्याची झोप उडाली आहे आणि डॉक्टर दाखल करायला सांगत आहेत. नव्या ठिकाणी त्याला माणूस म्हणून वागवतील की नाही, हे आधी कसे कळेल?

निवृत्त_सिस्टर
ताई, वाचून फार वाईट वाटले. मी 28 वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात ड्युटी केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 97 नुसार रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि ती टाळण्याचा दुसरा उपायच उरला नसेल, तरच त्याला बांधता येते, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि अगदी आवश्यक तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधण्यास हा कायदा स्पष्ट मनाई करतो. जेवत नाही म्हणून रात्रभर बांधणे यात कोठेच बसत नाही.

न जेवण्यामागे पुष्कळदा अन्नात विष कालवल्याचा संशय असतो. ‘विष नाही हो’ असा वाद घातला की रुग्ण आणखी मिटतो, आणि होकार द्यावा तर त्याचा भ्रम पक्का होतो. म्हणून आम्ही बिस्किटांचा बंद पुडा किंवा न सोललेले केळे त्याच्या हातात देत असू आणि शेजारी स्टूल ओढून बसत असू. एका गृहस्थांनी दोन दिवसांनी पहिला घास घेतला तो स्वतः सोललेल्या उकडलेल्या अंड्याचा. त्यांनी अर्धे अंडे माझ्यापुढे धरले, ते मी त्यांच्यादेखत खाल्ले, तेव्हा कोठे त्यांनी उरलेले तोंडात टाकले.

शक्य असेल तर औषधे वाटण्याच्या वेळी वॉर्ड पाहायला जा. सिस्टर नावाने हाक मारतात का, गोळी कशाची ते सांगतात का, की नुसते ‘तोंड उघड’ म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात, एवढे पाहिले तरी बरेच समजेल.

सागरगोटा
मी स्वतः दोनदा दाखल झालो आहे. गोड बोलणाऱ्या सिस्टर मला आवडत, पण विश्वास बसला तो रात्रपाळीच्या एका सिस्टरांवर, कारण त्या माझ्याशी कधी खोटे बोलल्या नाहीत. ‘इंजेक्शन द्यायचे आहे, झोप येईल, सकाळी तोंड कोरडे पडेल, उजव्या बाजूला घेता की डाव्या?’ असे त्या विचारत. त्या दिवसांत माझ्या हातात ठरवण्यासारखे एवढेच उरले होते आणि तेवढे त्यांनी माझ्याकडे राहू दिले. भावाला काय हवे, हे त्यालाच विचारले आहे का?

पल्याडची_नर्स
मी अमेरिकेत मानसोपचार विभागात नर्स प्रॅक्टिशनर आहे. येथे आम्ही निदान करतो आणि औषधेही लिहून देतो, त्यामुळे रुग्ण ‘ही गोळी नको’ म्हणाला तर त्याचे कारण ऐकून घेण्याची जबाबदारी थेट आमच्यावर येते. वजन वाढणे, हात थरथरणे, एका जागी बसवेनासे होणे अशा त्रासांमुळे रुग्ण गोळी टाळतो आणि कागदावर मात्र ‘सहकार्य करत नाही’ एवढेच उमटते. तुमच्या भावाला कोणत्या औषधाने काय त्रास झाला, ते लिहून सोबत न्या.

अबोली
सागरगोटा, आपण विचारल्यावर लक्षात आले की मी त्याला विचारलेच नव्हते. संध्याकाळी विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘दाढी माझी मला करू द्या.’ मागच्या वेळी दोघांनी धरून केली होती, हे मला आज प्रथमच कळले. वॉर्डात ब्लेड देतील का?

निवृत्त_सिस्टर
ब्लेड देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. बॅटरीवर चालणारा ट्रिमर घेऊन द्या. तो सिस्टरांकडे राहील आणि त्यांच्यासमोर बसून तो स्वतः दाढी करील. दाखल करतानाच मुख्य परिचारिकेला भेटून ही गोष्ट केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे पाळी बदलली तरी ती पुढच्या सिस्टरांपर्यंत पोहोचेल. हे सांगताना भावाला शेजारी बसवा.