घाणीचं त्या लोकांना काहीच वाटत नव्हतं?
नेहमी असं म्हटलं जातं की मध्ययुगीन लंडनमध्ये लोक सगळं खिडकीतून रस्त्यावर ओतायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. घाण होतीच, पण दुसरा भाग मला अजिबात पटत नाही. तिथे शेजाऱ्यांच्या अशा तक्रारी ऐकायला महापौरांसमोर रीतसर कोर्ट भरायचं आणि १३०१ पासूनच्या त्याच्या नोंदी आजही वाचायला मिळतात. त्यात १३१४ची अ‍ॅलिस वेड नावाच्या बाईची केस आहे, तिने वरच्या मजल्यावरच्या संडासाला लाकडी पाइप लावून तो पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडला होता, गटार वारंवार तुंबायला लागलं, वासाने शेजारी हैराण झाले, मग कोर्टाने चाळीस दिवसांत पाइप काढायला लावला. मला तर ही नोंद फार बोलकी वाटते, कारण एका पाइपसाठी लोक थेट महापौरांपर्यंत गेले होते!

आणि हे फक्त लंडनपुरतं नव्हतं. १३८८ला केंब्रिजला भरलेल्या पार्लमेंटने खंदकात, नदीत घाण आणि जनावरांची आतडी टाकायला बंदी केली, दंड २० पौंड, म्हणजे साध्या मजुराची कित्येक वर्षांची कमाई. कायदा मोडणारे होतेच, पण म्हणून चाड नव्हती असं कसं म्हणणार?