मदत हवी आहे: सिंथेटिक स्टकोच्या भिंतीला उन्हाने फुगवटे, रंग बदलून भागेल का?

नमस्कार मंडळी,

घराला बाहेरून सिंथेटिक स्टको आहे: थर्माकोलचे बोर्ड, त्यावर फायबरची जाळी बसवलेला पातळ थर आणि वर ॲक्रिलिकचं फिनिश. पश्चिमेच्या भिंतीला गडद करडा रंग दिल्यापासून दुपारी तिला हात लावता येत नाही. आतली खोली मात्र गार! थर्माकोल उष्णता आत जाऊ देत नाही आणि वरचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा, म्हणून सगळी उष्णता पृष्ठभागावरच अडकते, इतपत कळलंय. विटांची भिंत तीच उष्णता पोटात घेते.

आता फुगवटे आलेत. दाबले की आत जातात, टिचकी मारली की पोकळ वाजतात. थर्माकोल साधारण ७० ते ७५ अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतो. रंगाचा एलआरव्ही (रंग किती प्रकाश परतवतो त्याचा आकडा; शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे पांढराशुभ्र) २० च्या खाली नको, असं अशा भिंतींसाठी सांगतात. माझ्या रंगाचा ११ आहे.

पण मग सगळी भिंत बिघडायला हवी होती ना? फुगवटे एकाच तिरप्या पट्ट्यात आहेत. ठेकेदार म्हणतो, पाणी मुरलंय, खरवडून पुन्हा रंग मारू. मला पटत नाही. नुसता फिकट रंग पुरेल, की तेवढा भाग कापावा लागेल? उष्णता परतवणारे रंग खरंच चालतात का?

प्रतिसाद १
तिरपा पट्टा म्हणजे समोर लो-ई काचेच्या (उष्णता परतवणारा पातळ लेप असलेल्या) खिडक्या आहेत का, ते आधी बघा. दुहेरी काचेतल्या हवेचा दाब कमी झाला की काच किंचित आत वाकते आणि अंतर्गोल आरशासारखं ऊन एका जागी गोळा करते. सूर्य सरकतो तसा तो झोत भिंतीवर पट्टा ओढत जातो. झोत पडलेला असतानाच इन्फ्रारेड थर्मामीटर लावा, शेजारच्या भागाशी तुलना करा. ओलाव्याची शंका ओल मोजणाऱ्या मीटरने लगेच फिटेल.

आक्रसलेला थर्माकोल पूर्ववत होत नाही. तेवढा चौकोन कापून नवा बोर्ड, जुन्या जाळीवर चढवलेली नवी जाळी, मग फिनिश. इन्फ्रारेड परतवणारे रंग गडद छटेतही तापमान उतरवतात, पण झोत असेल तर त्यांच्यावर विसंबू नका. रबरासारखा जाड, वाफ न सोडणारा रंग तर नकोच.

धागाकर्ता
समोर काचा आहेतच! शेजाऱ्यांनी बाहेरून जाळी लावली तर झोत मोडेल का? त्यांच्याशी बोलायच्या आधी खात्री हवी.

प्रतिसाद १
मोडतो. पूर्ण काच झाकणारी बाहेरची जाळी हवी, आतल्या पडद्याचा उपयोग नाही.