जुनं फर्निचर, नवी कव्हरं : आपापले अनुभव लिहा

सोफा न बदलता खोली ताजी दिसावी यासाठी काय केलंत? कापड किती लागलं, कुठे चुकतं आणि का, हे नक्की लिहा.

*

सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं. कोरं कापड ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ८० इंचांचं कव्हर पहिल्या धुण्यातच अडीच ते चार इंचांनी तोकडं पडतं. तिघांच्या सोफ्याला सुट्या गाद्यांसकट ५४ इंच पन्ह्याचं १२ ते १४ मीटर धरा. मोठी नक्षी जुळवायची असेल तर आणखी लागेल.

*

टेपच्या मापावर विसंबू नका. कापड उलटं करून सोफ्यावर टाका, तिथेच टाचण्या लावा, खडूने रेघ ओढा आणि १ इंच सोडून कापा. पाठ आणि बैठक मिळतात त्या खाचेत खोचायला ४ ते ६ इंच जास्त ठेवाच. इथे कापड वाचवलं की बसल्यावर सगळा ताण शिवणीवर येतो आणि ती उसवते. खोचलेलं वर येत असेल तर खाचेत फोमची गुंडाळी दाबून बसवा.

*

वरच्या पद्धतीत एक मेख आहे. कव्हर सुलटं केलं की सोफ्याच्या डाव्या हाताचा भाग उजवीकडे जातो. वापराने सोफा एका बाजूला दबला असेल, तर उलटं बेतलेलं कव्हर बसत नाही. अशा वेळी सुलट्या बाजूने टाचून खुणा उलट्या बाजूवर उतरवून घ्या.

हातांच्या गोलाईवर शिवणीबाहेरच्या कापडाला दर अर्ध्या इंचावर कातर मारा, पण टाक्याच्या २ मिमी अलीकडे थांबा. जाड कापडाला १६ नंबरची सुई हवी. पायपिंगच्या, म्हणजे शिवणीत दोरी घालून केलेल्या किनारीच्या, चार थरांत बारीक सुई वाकते आणि टाके सुटतात.

*

जेवणाच्या खुर्चीची गादी बहुधा खालून स्क्रूंनी बसवलेली असते. कापड चारही बाजूंनी ३ इंच जास्त घ्या. आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग कोपऱ्यांकडे सरका, कोपरे शेवटी. एका टोकापासून सुरुवात केली की चौकड्या तिरप्या होतात.

*

सनमायकावर थेट रंग मारला तर नखानेही पापुद्रा निघतो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर लावा, मग रंगाचे दोन पातळ हात. हाताला सुका लागला तरी आठवडाभर वर जड वस्तू ठेवू नका. आतला थर मऊच असतो, ठसा उठतो.