सुकलेलं शाईचं पेन: गार पाणी पुरे, पक्कड लांब ठेवा

कोरडी_दौत
कपाट आवरताना आजोबांचं पेन सापडलं की पहिला सल्ला येतो 'कढत पाण्यात टाक', दुसरा 'स्पिरिट लाव'. या दोन सल्ल्यांनी जेवढी पेनं मेली तेवढी गळून किंवा पडून मेली नसतील. साधी शाई पाण्यात कालवलेली असते, ती पाण्यानेच सुटते. आपल्याला धीर नसतो, एवढंच.

आधी पेन कशाचं आहे ते बघा. टोपण अंगठ्याने जोरात चोळा आणि हुंगा. गंधकाचा जळकट वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. जुन्या एबोनाइटला गरम पाणी लागलं की काळंभोर पेन मातकट तपकिरी होतं, आणि मग पॉलिश केल्याशिवाय ते काळं होत नाही. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. त्याला स्पिरिट लावाल तर ते मऊ पडून चिकट होईल. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटने बारीक तडे जातात.

मागची नळी फिरवून काढा आणि पुढचा भाग निबेसकट वाटीभर गार पाण्यात उभा ठेवा. थोड्या वेळात निबेच्या चिरेतून निळा धागा खाली उतरताना दिसेल. पाणी गडद झालं की बदला. रात्रभर ठेवा, हटवादी पेन असेल तर आठवडाभर. मग निब टिश्यू पेपरवर टेकवा. डाग पसरतोय तोवर काम बाकी आहे. निब ओढून काढायची गरज बहुतेकदा पडत नाही.

बोरूबहाद्दर
साफ असहमत. आपल्याकडे शाळेत चालली ती ड्रॉपरने शाई भरायची पेनं. त्यांची निब आणि खालची जीभ, म्हणजे निबेपर्यंत शाई नेणारा खाचेचा तुकडा, नुसती दाबून बसवलेली असते, आणि ती निघावी म्हणूनच तशी असते. पेन उठत नाही म्हटलं की वर्गात निब काढून, जिभेच्या खाचेतून दोरा फिरवून, पुसून पुन्हा बसवत होतो. तीस वर्षं सुकलेला गाळ वाटीत ठेवून सुटतो म्हणे! वरवरची निळाई सुटते, खाच तशीच बुजलेली राहते. चार दिवसांनी तेच पेन पुन्हा अडतं आणि लोक म्हणतात, जुन्या पेनात दम नाही.

आणि गरम पाण्याला एवढं घाबरता, तर एबोनाइटची जीभ निबेला चिकटून कशी बसवतात ते सांगा. गरम पाण्यात धरून, मऊ करून, बोटाने दाबूनच ना?

कोरडी_दौत
बोरूबहाद्दर, जीभ निबेखाली लपलेली असते, तिचा रंग कोण बघतो? गरम पाण्यात तेवढीच बुडवा, माझी हरकत नाही. माझा आक्षेप अख्खं पेन पातेल्यात सोडणाऱ्यांना आहे. आणि निब काढायचीच तर भिजल्यावर, रबराच्या तुकड्यात निब व जीभ एकत्र धरून, सरळ रेषेत. लोक कोरड्या पेनाला पक्कड लावतात आणि निबेचे दोन दात दोन दिशांना जातात.

निबवाला
मी पेनदुरुस्ती करतो, म्हणून दोघांशी भांडतो. तुमचे नियम ड्रॉपरच्या पेनांना ठीक. पण घरोघरी जपून ठेवलेलं असतं ते पार्कर ५१, नाहीतर त्याच्या वळणाचं चिनी हीरो. पार्करच्या निबेवर आवरण असतं, ते लाखेने पक्कं केलेलं. आत बारीक पापुद्र्यांचा भाग असतो, जास्तीची शाई धरून ठेवणारा; सुकलेली शाई नेमकी तिथे अडकते. आवरण कोरड्या, मोजक्या उष्णतेने सोडवावं लागतं. घरी पिळलंत तर ते तडकतं. १९४८ पासूनच्या दाबून भरायच्या मॉडेलची आतली शाईची पिशवी मात्र आजही चालू सापडते. निब पाण्यात ठेवून पट्टी दाबत राहा, पाणी बदलत राहा. तेवढ्याने जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे द्या.

अंगावरचा आडवा खटका उचलून शाई भरायच्या पेनांबद्दल तर हात जोडून सांगतो, खटका उचलून बघू नका. आतली रबरी पिशवी वाळून काचेसारखी झालेली असते. जोर लावलात की पिशवीचा चुरा होतो आणि खटका वाकतो. पिशवी नवी बसते, वाकलेला खटका सरळ करणं कटकटीचं.

कपाटातली_पेटी
पण हे सगळं करायचं कशासाठी? माझ्या बाबांच्या पेनात त्यांनी भरलेली ब्ल्यूब्लॅक सुकलीय. ती धुऊन मी काय मिळवू? लिहायला दहा रुपयांचं जेल पेन आहे. प्रत्येक वस्तू चालू केलीच पाहिजे, हा हट्ट मला कळत नाही.

निबवाला
ताई, भावना समजते. पण जुनी ब्ल्यूब्लॅक बऱ्याचदा लोहयुक्त असायची, आणि ती आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबेला फरक पडत नाही; साधी स्टीलची असेल तर आपल्या पावसाळी हवेत ती शाई निब खात राहते. ठेवायचं म्हणून ठेवलंत तरी धुऊनच ठेवा.

कोरडी_दौत, याच शाईपाशी तुमचं 'गार पाणी पुरे' अडतं. लोहयुक्त शाई हवेने काळी पडली की पाण्यात विरघळत नाही. व्हिटॅमिन सीच्या शुद्ध पुडीचं सौम्य पाणी लागतं, थोडाच वेळ, आणि नंतर भरपूर धुणं. घरच्या अमोनियाने हीच शाई आणखी घट्ट बसते. तो इतर शाईंना बरा, दहा भाग पाण्यात एक भाग, पण पितळी भागांपासून लांब.

कोरडी_दौत
लोहयुक्त शाईपुरतं मान्य. तरी सुरुवात गार पाण्यानेच करा. कुठली शाई आहे याचा अंदाज पाण्यावरून येतो. निळं उतरतंय तोवर नुसतं धुत राहा. दोन दिवसांनी पाणी नितळ आणि निब मात्र काळीच, तर व्हिटॅमिन सीची पुडी काढा. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई कुणी भरून ठेवली असेल तर पेन सरळ निबवाल्यांकडे.

बोरूबहाद्दर
म्हणजे फिरून दुकानातच! निबवाले, दुरुस्तीचे पैसे नव्या पेनाहून जास्त होतात, ते का नाही सांगत?

निबवाला
ड्रॉपरच्या पेनाला होतात. म्हणून ती पेनं मी घेतच नाही, तुम्हीच दोरा फिरवा. फक्त दोरा जाड नको, जिभेच्या बारीक खाचा रुंदावतात आणि मग पेन गळतं.

बोरूबहाद्दर
बारीक रेशमी दोरा वापरतो. आणि जीभ गरम पाण्यातच बसवणार.