ताप असताना अंगावर पाजावं का? अँटिबॉडीज उकळल्यावर उरतात का?

सईची_आई
लेक साडेतीन महिन्यांची आहे. सोमवार रात्रीपासून मला १०२ ताप, अंग ठणकतंय, घसा पार बसलाय. डॉक्टर म्हणाले फ्लू दिसतोय, पॅरासिटामॉल घ्या आणि पाजणं थांबवू नका. पण आत्या (सासूबाई) म्हणतात, "तापाचं दूध बाधतं, दोन दिस पाजू नगंस." शेवटी तडजोड झाली. मी दूध पिळून देते, आत्या त्याला गॅसवर सणसणीत उकळी आणतात आणि गार करून बोंडल्याने पाजतात. सई निम्मं थुंकते. इकडे माझी छाती दगड झालीय. आईच्या आजारातल्या अँटिबॉडीज दुधातून बाळाला मिळतात म्हणे, मग त्या उकळून उरतात का? आणि बरी झाल्यावर फ्लूची लस घेतली तर सईला त्यातलं काही पोचेल का?

निवृत्त_सिस्टर
अगं, आधी गॅस बंद कर! बत्तीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढली, ही उकळी मी घरोघरी ऐकलीय.

फ्लू पसरतो तुझ्या खोकल्यातून, दुधातून नाही. तुला ताप चढायच्या आदल्या दिवशीच सईला त्याचा संसर्ग पोचला असणार, कारण ती तुझ्या कुशीतच होती. आता तिला दुधातून जे संरक्षण मिळायचं ते तुझ्याच अंगात तयार होतंय. तुझ्या घशा-आतड्याच्या अस्तरात विषाणू ओळखलेल्या काही पेशी रक्तातून थेट स्तनात जाऊन बसतात आणि तिथे आयजीए नावाच्या अँटिबॉडीज बनवतात. दुधात उतरताना त्यांना एक जादा तुकडा चिकटतो, म्हणून त्या बाळाच्या पोटात सहज पचत नाहीत. घशाला, आतड्याला लेप बसल्यासारख्या राहतात.

पण ही प्रथिनं आहेत बाई. १९८९ साली मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. अशा बँकांत दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवतात, आणि तेवढ्यानेही आयजीएचा काही भाग जातो. तू तर खळखळून उकळतेस. पिळलेलं द्यायचंच तर वाटी कोमट पाण्यात धर, बस. त्यापेक्षा सरळ मास्क लाव, हात साबणाने धू आणि अंगाला लाव पोरीला.

तिला १००.४ किंवा वर ताप आला, पिणं कमी झालं, छाती उडायला लागली, तर इथे विचारत बसू नकोस. तडक डॉक्टर.

गोठेवाला
सिस्टर, आमच्याकडे गाय व्याली की दोन तासांत वासराला चीक पाजतो. नाळेतून गाईच्या अँटिबॉडीज वासरात जातच नाहीत, सगळी भिस्त चिकावर. दिवस उलटला की आतडं त्या रक्तात घेत नाही. खरवस त्याचं पोट भरल्यावर! माणसाचंही असंच ना?

निवृत्त_सिस्टर
नाही दादा, इथे उलटं आहे. माणसात आयजीजी नावाच्या अँटिबॉडीज नाळेतूनच येतात, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. दुधातल्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात फारशा शिरत नाहीत, दारावर पहारा देतात. म्हणून आईने कितीही पाजलं तरी बाळाच्या स्वतःच्या लसी चुकवायच्या नाहीत. चीक मात्र आम्हीही वाया घालवू देत नाही.

पहाटेची_पाळी
लसीचं माझ्याकडून. २०२१ मध्ये कोविडची लस घ्यायला गेले तर "अंगावर पाजताय? मग नाही" म्हणून केंद्रावरून परत पाठवलं. १९ मे रोजी केंद्र सरकारने स्तनदा मातांना परवानगी दिली, तेव्हा घेतली. त्याच वर्षी इस्रायलमध्ये लस घेतलेल्या ८४ आयांचं दूध तपासलं होतं, सहा आठवड्यांनी ९७ टक्के नमुन्यांत आयजीजी सापडल्या. फायझरसारख्या एमआरएनए लसीनंतर दुधात आयजीजी जास्त, खुद्द आजारानंतर आयजीए जास्त, असा फरक दिसतो.

निवृत्त_सिस्टर
बरोबर. फ्लूचं पाहायचं तर बांगलादेश. तिथे गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला लस दिली, तर पहिल्या सहा महिन्यांत बाळांना तपासून सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्के कमी झाला. त्यातलं बरंचसं श्रेय नाळेचं, पण त्या आयांच्या दुधातही फ्लूविरुद्धच्या आयजीए सहा महिने जास्त होत्या. तुझी ती वेळ गेली. तरी बरी झालीस की डॉक्टरांना विचारून घे. सईला स्वतःची फ्लूची लस सहा महिन्यांनंतरच मिळणार, तोवर निदान तू घरात फ्लू आणायची शक्यता तरी कमी होईल.

सईची_आई
आत्यांना सिस्टरांचं सगळं वाचून दाखवलं. "हं" म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या. वासराचं वाचलं तेव्हा हात थांबला. माहेरी त्यांच्या एका कालवडीला चीक मिळाला नव्हता, चौथ्या दिवशी हगवणीने गेली. (माणसात उलटं असतं हे मी जरा हळूच वाचलं.) मग स्वतःच मास्कची नाडी माझ्या कानामागे अडकवली आणि सईला मांडीवर दिली. बाहेर येऊन बघते तर बोंडलं धुऊन फळीवर पालथं घातलेलं. सईला ताप नाही, सकाळपासून दोन शिंका.