आलेख आधी हाताने की थेट ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर?

चौकटीचा_कागद

वरच्या वर्गांना गणित शिकवते. मागच्या आठवड्यात मुलांना एक साधा प्रश्न घातला: क्ष² = २^क्ष या समीकरणाची वास्तव उत्तरं किती? (^ म्हणजे घात.)

जवळजवळ सगळ्यांनी ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर दोन आलेख काढले, छेदनबिंदू मोजले आणि दोन मिनिटांत हात वर केले. उत्तर: दोन. एक २, दुसरं सुमारे उणे ०.७६७.

आणि ४ कुठे गेला? चारचा वर्ग सोळा, दोनचा चौथा घातही सोळा. एरवी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील अशी मुलं ही. पण यंत्राची ठरलेली खिडकी दोन्ही अक्षांवर उणे १० ते १० अशी असते आणि (४, १६) हा बिंदू त्या खिडकीच्या वर राहतो. दिसला नाही, म्हणजे नाहीच!

माझं मत आता पक्कं झालंय. पहिले सहा महिने यंत्र दप्तरात. तक्ता करा, बिंदू मांडा, वळण हाताने ओढा. तक्त्यात ४ घातला की १६ समोर १६ येतोच, नजरेतून सुटत नाही. तुमचं काय म्हणणं?

स्लायडरवाला

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून. तक्त्यात ४ घातला "की" म्हणता, पण घालतं कोण? मी शाळेत उणे ३ ते ३ एवढ्याच किमती मांडायचो, कारण सर तेवढ्याच सांगायचे आणि कागदावर तेवढ्याच मावायच्या. कागदालाही खिडकी असतेच की. फरक एवढाच, की कागदाची खिडकी बदलायची तर नवा कागद घ्यावा लागतो आणि यंत्राची बदलायला दोन बटणं पुरतात.

यंत्र काय देतं ते सांगतो. य = क्ष² + बक्ष + १ हे फलन घ्या आणि ब ला स्लायडर (ओढून किंमत बदलायची पट्टी) लावा. आधी मुलांना विचारा, ब वाढवला तर अन्वस्ताचं (पॅराबोलाचं) काय होईल? निम्मी म्हणतात वर जाईल, निम्मी म्हणतात डावीकडे सरकेल. मग स्लायडर ओढा. अन्वस्त डावीकडे जातं आणि त्याच वेळी खाली उतरतं. ब उणे केला की उजवीकडे, पण तिकडेही खालीच! एका मुलीने शिरोबिंदूचे ठसे उमटत राहतील अशी सोय केली. ब = ० ला (०, १), ब = २ ला (उणे १, ०), ब = ४ ला (उणे २, उणे ३). ठसे जोडले तर काय निघालं? उलटं अन्वस्त, य = १ − क्ष². वर्ग तीन सेकंद गप्प होता.

मग "असं का?" हा प्रश्न मुलांनी मला विचारला, मी त्यांना नाही. शिरोबिंदूचा क्ष म्हणजे उणे ब भागिले २, तो वापरून ब काढून टाका, दोन ओळींत सिद्ध होतं. हेच हाताने दाखवायला पंधरा-वीस अन्वस्तं काढावी लागली असती, आणि विसावं काढेपर्यंत कोणाला कसलं कुतूहल उरतंय?

रिकामा_संच

कुतूहल सोडा, पेन्सिलही उरत नाही. स्लायडरवाल्यांना +१.

जुनी_बटणं

दोघांचंही अर्धं पटलं. माझ्याकडे अजून टीआय-८३ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे, १९९६ सालचं मॉडेल. पडदा ९६ बाय ६४ पिक्सेल, त्यातले आलेखाला मिळतात आडवे ९५. (बॅटऱ्या बदलून बदलून चालवतोय. बायको म्हणते संग्रहालयात दे.)

त्यावर नेहमीच्याच खिडकीत साइन ३०क्ष काढा, कोन रेडियनमध्ये ठेवून. पडद्यावर काय येतं? दीड लाट. संथ, गुळगुळीत, डावीकडे माथ्यावर सुरू होऊन उजवीकडे तळाशी संपणारी. खऱ्या लाटा किती? २० गुणिले ३० भागिले २π, म्हणजे साडेपंच्याण्णव!

असं का होतं ते बघा, फार मजेशीर आहे. ९५ स्तंभांत ९४ अंतरं, म्हणून यंत्र दर ०.२१२८ ला एक किंमत काढतं. साइन ३०क्ष ची एक लाट आहे ०.२०९४ लांबीची. म्हणजे यंत्राच्या एका पावलात एक लाट पुरती उलटून जाते आणि पाऊल पुढच्या लाटेवर अगदी किंचित पुढे पडतं. यंत्राला फक्त ते "किंचित" दिसतं. सिनेमात धावत्या गाडीचं चाक हळू किंवा उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार.

भोकांचंही तसंच. (क्ष² − १) / (क्ष − १) याला क्ष = १ ला भोक आहे, म्हणजे तिथे ० भागिले ० होतं आणि किंमतच नसते. नेहमीच्या खिडकीत ते दिसत नाही, कारण ९५ पैकी एकही स्तंभ नेमका १ वर पडत नाही. खिडकी उणे ४.७ ते ४.७ केली की पाऊल ०.१ होतं, एक स्तंभ बरोबर १ वर बसतो आणि भोक उघडं पडतं. फलन तेच हो, खिडकी बदलली.

मी मुलांच्या हातात यंत्र पहिल्याच दिवशी देतो, पण सुरुवात साइन ३०क्ष ने करतो. यंत्र कुठे थापा मारतं हे आधी कळू दे.

चौकटीचा_कागद

बटणंकाका, उदाहरण उचलतेय, उद्याच वर्गात नेते. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ती दीड लाट खोटी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? साइन ३०क्ष चं आवर्तन केवढं हे आधीपासून माहीत होतं म्हणून. ज्याला ते माहीत नाही तो पोरगा दीड लाट वहीत उतरवून मोकळा होईल. शंका यायला आधी अपेक्षा असावी लागते, आणि माझा अनुभव असा की ती अपेक्षा हाताने काढून काढूनच तयार होते.

स्लायडरवाला

ताई, पण १९९६ च्या यंत्रावरून आजच्या साधनांना फाशी देऊ नका. डेसमॉस, जिओजेब्रा या संगणक-मोबाइलवर आलेख काढायच्या साधनांचे पडदे कैकपट बारीक आहेत. डेसमॉसमध्ये त्या भोकापाशी टिचकी मारली तर पोकळ गोल दिसतो. खिडकी बोटाने चिमटीत धरून लहानमोठी होते, तुमचा (४, १६) एका चिमटीत सापडला असता.

चौकटीचा_कागद

सापडला असता, पण चिमटीत धरावं असं वाटलं तर ना. तीस जणांत एकालाही वाटलं नाही, तक्रार तीच आहे.

उत्तरपत्रिका

व्यवहाराचं बोलू का? एपी कॅल्क्युलस या अमेरिकी परीक्षेत १९९५ पासून काही प्रश्नांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. अमेरिकी कॉलेजप्रवेशाच्या डिजिटल एसएटी परीक्षेच्या पडद्यावर तर डेसमॉस आतच बसवलेला आहे. मुलं उद्या ज्या परीक्षेला बसतील तिथे यंत्र समोर असणार आणि तुम्ही सहा महिने दप्तरात ठेवणार? सराव कधी करायचा त्यांनी?

जुनी_बटणं

त्याच एपी कॅल्क्युलसमध्ये आजही एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय सोडवावा लागतो. तेवढं गाळलंत.

पुन्हा_पहिली_इयत्ता

मी शिक्षक नाही, विद्यार्थी आहे. वय बेचाळीस. कॉलेजात विकलन (डिफरन्सिएशन) पाठ केलं, पास झाले, काही कळलं नव्हतं. आता मुलाच्या निमित्ताने परत वाचतेय.

परवा रात्री सहज साइन क्ष चा आलेख काढला आणि मूळबिंदूवर झूम करत गेले. लाट सपाट होत होत शेवटी सरळ रेष झाली. य = क्ष काढून बघितलं तर ती हिच्यावर तंतोतंत बसली. मग क्ष चं निरपेक्ष मूल्य, तो इंग्रजी व्ही सारखा आलेख, त्यावर झूम केलं. कितीही आत जा, टोक टोकच राहतं! अर्धा तास नुसतं आत-बाहेर करत होते. "या बिंदूला विकलज (डेरिव्हेटिव्ह) आहे" आणि "या बिंदूला नाही" यातला फरक मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. वीस वर्षांपूर्वी कागदावर शेकडो आलेख काढले होते हो, त्यातल्या एकानेही हे सांगितलं नाही.

त्यामुळे चौकटीताई, सहा महिने दप्तरात ठेवणाऱ्या वर्गात मी पुन्हा काही न कळताच पास झाले असते. रागावू नका.

एप्सिलॉन_आजोबा

अनुभव छान लिहिलाय. पण "झूम केलं की कळतं" यावर फार विसंबू नका. दोन गोष्टी करून बघा.

एक: (१ − कॉस क्ष) / क्ष² घ्या. क्ष शून्याकडे जाताना याची सीमा (लिमिट) १/२ आहे, आणि बाहेरून आलेख अगदी तसाच, ०.५ वर शांत बसलेला दिसतो. आता शून्यापाशी झूम करत राहा. काही वेळाने रेष थरथरू लागेल, दातेरी होईल, आणि क्ष १०^−८ च्या खाली गेलं की धाडकन शून्यावर आपटेल. गणितात असं काहीही घडत नाही. संगणक साधारण १६ अंक सांभाळतो. इतक्या लहान कोनाचा कॉस त्याच्या दृष्टीने नेमका १ होतो, मग वर १ − १ = ० उरतं आणि शून्याला कशानेही भागा.

दोन: वायरस्ट्रास यांनी १८७२ साली असं फलन मांडलं जे सगळीकडे सलग आहे, पण एकाही बिंदूवर त्याला विकलज नाही. कितीही झूम करा, ते कुठेच सरळ होत नाही. यंत्र मात्र बिंदूंमध्ये सरळ रेघाच ओढणार, म्हणजे जे फलन कुठेच सरळ नाही ते तुम्हाला सरळ तुकड्यांनी बनलेलं दिसणार. आलेखाने हुरूप येतो, हे कबूल. सिद्धता नंतर करावीच लागते.

पुन्हा_पहिली_इयत्ता

आजोबा, पहिलं करून बघितलं. खरंच आपटलं. पण आता मला १६ अंकांचं प्रकरण काय ते वाचायचंय. म्हणजे यंत्राने पुन्हा एक प्रश्नच दिला ना?

एप्सिलॉन_आजोबा

प्रश्न यंत्राने दिला नाही, मी दिला. (ह.घ्या.)

रिकामा_संच

मध्ये पडतो. आधी प्रत्येकाने कागदावर अंदाजाने वळण काढायचं, पेन्सिलने, खोडायचं नाही. मग बटण दाबायचं. दोन्ही जुळले नाहीत तर कोण चुकलं, मी की यंत्र, ते शोधायचं. ताईंची अपेक्षाही तयार होईल आणि स्लायडरवाल्यांची मजाही जाणार नाही.

चौकटीचा_कागद

रिकामा_संच यांचं ऐकून आज करून पाहिलं. सहा महिन्यांचा नियम मोडावा लागला, पण सांगण्यासारखं घडलंय.

प्रश्न दिला: क्ष^१० आणि २^क्ष हे आलेख धन बाजूला किती वेळा छेदतात? आधी कागदावर. सगळ्यांनी एकच छेद दाखवला, १ च्या जरा पुढे. यंत्रावरही तोच आला, सुमारे १.०७८ ला. त्याच्या पुढे क्ष^१० जो सुटतो तो सुटतोच, २^क्ष खाली जमिनीला चिकटलेलं दिसतं. सगळे खूश.

एवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, पण मॅडम, घातांकी फलन शेवटी कुठल्याही बहुपदीला मागे टाकतं ना? मग हे परत एकदा छेदायला हवेत. झालं! चिमटी सुरू. क्ष वाढव, य वाढव, लाख, कोटी, अब्ज. कधी दोन्ही रेषा पडद्याच्या बाहेर, कधी दोन्ही आडव्या अक्षावर मेल्यासारख्या. पंचवीस मिनिटं धुमाकूळ घातला, कोणालाच सापडेना.

शेवटी एका मुलीने वही ओढली आणि दोन्ही बाजूंचा २ पायाचा लॉग घेतला. क्ष धन आहे, त्यामुळे चालतं. उरलं काय? एका बाजूला १० गुणिले लॉग क्ष, दुसऱ्या बाजूला नुसता क्ष. हे दोन आलेख ० ते ८० च्या खिडकीत आरामात मावले आणि ५८.७७ पाशी छेदताना दिसले. मूळ आलेखात त्या जागेची उंची सुमारे ५ वर १७ शून्यं आहे. चिमटीला सापडेल कुठून!

स्लायडरवाला

म्हणजे शेवटी ५८.७७ दाखवलं यंत्रानेच! दप्तरातून बाहेर काढलंत हे या धाग्यात नोंदवून ठेवतो.

चौकटीचा_कागद

नोंदवा की. सोबत हेही नोंदवा, की लॉग घ्यायचं वहीत सुचलं. पंचवीस मिनिटांत त्या यंत्राला एकदाही सुचलं नाही.

जुनी_बटणं

मुलांना पुढचं द्या: क्ष^१०० आणि २^क्ष, शेवटचा छेद. माझ्या ९५ स्तंभांवरही जमलं. लॉग घेऊन, खिडकी ० ते १२००, छेद ९९६ च्या आसपास. बॅटऱ्या अजून शाबूत आहेत.